पडून असलेल्या हार्ड डिस्क: बॅकअपला वापराव्यात की भंगारात द्याव्यात?

टिळकरोडकर
दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या खोक्यातून तीन हार्ड डिस्क निघाल्या. पहिली ५०० जीबीची, २०१३ च्या लॅपटॉपमधली. त्यात एसएसडी (चिपवर साठवणारी, वेगवान डिस्क) बसवली तेव्हा दुरुस्तीवाल्याने वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवली होती. दुसरी १ टीबीची, बाद झालेल्या डेस्कटॉपची. तिसरी २ टीबीची, सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) बदलला तेव्हा उरलेली. बायकोचा निकाल एका शब्दात: भंगार.

मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून साडेचारशे रुपयांची यूएसबी ३.० ची केस आणली, ५०० वाली तिच्यात सरकवली, झाकण लावलं, झाली एक्स्टर्नल तयार. स्क्रूसुद्धा लागला नाही. २००४ पासूनचे घरचे फोटो आणि व्हिडिओ तिच्यावर गेले.

दुकानात पाच हजारांच्या घरात मिळणारी एक्स्टर्नल उघडली तर आत अशीच अडीच इंची डिस्क असते, आकाशातून पडलेली नसते. उलट काहींमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच डकवलेलं असतं. ते ढिलं झालं की साटा केबल (डिस्कची नेहमीची जोडणी) लावून डेटा काढायची सोय राहत नाही. माझी केस बिघडली तर साडेचारशेत दुसरी. चालू डिस्क फेकणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. खोडायचं असेल तर जरूर खोडा, पण 'जुनं ते जुनंच' याच्या पलीकडचा मुद्दा आणा.

करवीरचा_मेकॅनिक
आणतो की. राव, ती डिस्क लॅपटॉपमधनं काढली कशाला? मशीन स्लो झालं म्हणून. स्लो का झालं, हे कुणी बघितलं? कधी नुसतं विंडोज जड झालेलं असतंय, मान्य. पण बऱ्याचदा डिस्क एकच सेक्टर (साठवणीचा छोटा तुकडा) पुन्हापुन्हा वाचायला झटत बसलेली असते आणि गिऱ्हाइकाला वाटतंय कॉम्प्युटर म्हातारा झाला. एसएसडी टाकली, मशीन पळायला लागलं, सगळे खूश. आणि ती आजारी डिस्क घरी जाऊन 'बॅकअप' होते.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे टाका इथं. ते दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतंय, निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. ०५, सी५, सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले, सी६ म्हणजे डिस्कनं हात टेकलेले. आकड्याशिवाय चर्चा नको.

टिळकरोडकर
घ्या आकडे. ५०० वाली: तिन्ही शून्य, ११,२०० तास चाललेली, निळी. डीव्हीआरवाली: ३८,००० तास, तरी तिन्ही शून्य, निळी. १ टीबीवाली पिवळी, सी५ समोर १८. अठरा सेक्टर म्हणजे ५१२ बाइटच्या हिशोबाने ९ केबी. ९ केबीसाठी १ टीबी फेकू?

बिंदुसरा
१८ नाही, २४. ते सॉफ्टवेअर रॉ व्हॅल्यू (मूळ आकडा) मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांत मोजून दाखवतं, सेटिंग बदलल्याशिवाय दशमान दिसत नाही.
अवांतर: ते ९ नव्हे, १२ केबी एखाद्या फोटोच्या अगदी सुरुवातीचे निघाले तर अख्खा फोटो उघडत नाही. आणि कोणत्या फोटोचे, ते डिस्क विचारून ठरवत नाही.

करवीरचा_मेकॅनिक
पिवळीचा विषय मिटवून टाकू. गूगलच्या लोकांनी २००७ साली स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जायची शक्यता बिनचुकीच्या डिस्कच्या ३९ पट. त्यामुळं पिवळी गेली.

आता निळीचा आनंद. त्याच अभ्यासात, गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे पिवळं दिसलं तर पळा, आणि निळं दिसलं तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही.

टिळकरोडकर
अहो, मग हे नव्यालाही लागू की! खोक्यातून काढलेली कोरी डिस्कही निळीच दिसते. तुमचा मुद्दा डिस्क नावाच्या वस्तूविरुद्ध आहे, माझ्या डिस्कविरुद्ध नाही.

कृष्णाकाठची
इतके दिवस वाचनमात्र होते, पण इथे लिहायलाच हवं. मी सांगलीत लग्नाचे फोटो काढते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्यावरचा आमचा स्टुडिओ बुडाला. आत कॉम्प्युटर, आणि त्याच टेबलाच्या खणात नवी, वॉरंटीतली ४ टीबीची एक्स्टर्नल. पाणी उतरल्यावर तिच्या यूएसबीच्या भोकातून गाळ आला, दाट कॉफीसारखा.

वाचली ती जुन्या लॅपटॉपची ३२० जीबीची डिस्क, विट्याला आईच्या साड्यांच्या कपाटात होती. आईला ती वस्तू काय आहे हेही माहीत नव्हतं, 'तुझा तो डबा' म्हणायची. दोन सीझनचे अल्बम त्या डब्यातून निघाले.

करवीरदादा, तुमचे आकडे खरे असतील. पण माझी नवी बुडाली आणि जुनी वाचली, कारण जुनी दुसऱ्या गावात होती. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा थ्री-टू-वनचा नियम पीटर क्रोग या फोटोग्राफरनेच रूढ केला. त्यात डिस्क नवी हवी असं कुठे आहे? आणि खरं सांगू का, पाच हजारांची नवी डिस्क आईच्या कपाटात नेऊन ठेवायला जीव होत नाही. ती हाताशीच ठेवली जाते. फुकटची जाते विट्याला.

करवीरचा_मेकॅनिक
ताई, हे मात्र पटलं. 'घराबाहेरची' म्हणून पटलं, 'जुनी' म्हणून नाही.

मिशिगनचा_मावळा
२०१३ ची डिस्क, साडेचारशेची केस, कपाट, साड्या... क्लाउडवर टाका आणि झोपा की शांत!

बिंदुसरा
मावळे, गूगलची फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. आता १५ जीबी, तेही मेलसकट. शिवाय इकडे डाउनलोडचा वेग जाहिरातीत असतो, अपलोडचा नशिबात. क्लाउड असावाच, पण आणखी एक प्रत म्हणून.

विद्युत_विभाग
मत नाही, फक्त सूचना. ५०० वाली अडीच इंची आहे, ती यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. उरलेल्या दोन साडेतीन इंची. त्यांना १२ व्होल्टही लागतात, म्हणजे वेगळ्या अडॅप्टरची केस किंवा डॉक घ्यावा लागेल. अडीच इंचीलाही सुरू होताना ॲम्पियरभर करंट लागू शकतो, आणि यूएसबी २.० च्या पोर्टचं माप ५०० मिलिॲम्पियर. हबला लावली आणि टिक-टिक करून बंद पडली तर डिस्क मेली असं लगेच समजू नका, आधी उपाशी आहे का बघा. लांब, बारीक केबल टाळा.

ठराव_क्रमांक_७
डीव्हीआरवाली २ टीबी डिस्क सोसायटीच्या मालकीची आहे. ती सेक्रेटरीच्या माळ्यावर कशी गेली, याचा ठराव दाखवा. (हलकेच घ्या. पण अगदीच हलके नको.)
आणि त्यावर जिन्यातलं सगळं फुटेज असेल. कोण किती वाजता घरी येतं, ते. डीव्हीआरची मांडणी वेगळी असते म्हणून विंडोज डिस्क रिकामी दाखवेल, पण क्विक फॉरमॅटने आतलं पुसलं जात नाही.

टिळकरोडकर
बैठकीत विषय घेतो, देवाशप्पथ. आणि पूर्ण फॉरमॅट मारतो. व्हिस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. एका दगडात दोन पक्षी: फुटेजही जाईल आणि प्रत्येक सेक्टरवर एकदा लिहून पाहिलं जाईल. त्यानंतर ०५ किंवा सी५ हलला तर ती डिस्कही बाद. ३८,००० तास म्हणजे चार वर्षांहून जास्त सलग चालणं. पण चोवीस तास लिहित राहण्यासाठीच असल्या डिस्क बनवतात.

करवीरचा_मेकॅनिक
बंद डब्यात, पंख्याशिवाय, जिन्याखालच्या उकाड्यात. तेवढं जोडा.

बरं, पहिल्यापासनं एक विचारायचं राहिलंय. तुम्ही लिहिलंय, फोटो 'तिच्यावर गेले'. गेले म्हणजे? लॅपटॉपवर अजून आहेत न्हवं?

करवीरचा_मेकॅनिक
दोन तास झाले. टिळकरोडकर, आहेत न्हवं?

टिळकरोडकर
एसएसडी २५६ जीबीची आहे. ती भरून लाल झाली होती.

करवीरचा_मेकॅनिक
हेच ते! डिस्क जुनी, नवी, निळी, पिवळी, सगळं बाजूला ठेवा. वीस वर्षांचे फोटो आता एकाच डिस्कवर आहेत आणि तुम्ही त्याला बॅकअप म्हणताय. ह्याला सामान हलवणं म्हणतात. दुकानात रडत येतात ते जुनी डिस्क वापरली म्हणून नाही. फुकटात ५०० जीबी मोकळी मिळाली, कॉपीऐवजी कट केलं, म्हणून येतात. नव्या डिस्कला पैसे मोजले की माणूस जरा विचार तरी करतो. फुकटची बघितली की कोंबत सुटतो.

कृष्णाकाठची
शेवटच्या दोन वाक्यांशी असहमत. मी नव्या ४ टीबीच्या बाबतीत हेच केलं होतं. बाकीच्याशी सहमत, अगदी पोटात गोळा येऊन सहमत.

बिंदुसरा
टिळकरोडकर, आज रात्री करा हे. २ टीबीवाली फॉरमॅट होईपर्यंत थांबू नका, घरात मिळेल त्या पेनड्राइव्हवर निदान सगळ्यांत जुने फोटो घ्या. मोबाइलवर काढलेले कुठेतरी परत सापडतील, २००४ चे डिजिटल कॅमेऱ्यातले सापडणार नाहीत. आणि कॉपी करताना पडताळणी चालू ठेवा, टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. नुसतं 'कॉपी झाली' म्हणजे फाइल उघडते असं नव्हे.

टिळकरोडकर
मंडळी, हा आजचा हिशोब. मुलीच्या लॅपटॉपवर अख्खा फोल्डर पडताळणीसह उतरवला. ६१ हजार फाइल, त्यातल्या दोन वाचताना अडकल्या. एक २००९ च्या गणपतीचा व्हिडिओ, एक माझा पॅन कार्डाचा स्कॅन. कॉपीनंतर ५०० वालीचा सी५ शून्याचा ८ झाला. हेक्समध्येही ८, बघितलं.

म्हणजे निळीने अकरा हजार तासांत जे सांगितलं नव्हतं, ते अख्खी वाचायला लावल्यावर सांगितलं. करवीर, एक गुण तुम्हाला. पण साडेचारशेची केस वाया गेलेली नाही, तिच्यात आता मेहुण्याच्या लॅपटॉपची डिस्क बसवणार आहे, तीही आधी पूर्ण वाचून. ती साताऱ्याला बहिणीकडे जाईल. आणि हो, पाच हजारांची एक नवीही मागवली. बायकोने कारण विचारलं नाही, नुसती बघत राहिली.

पिवळी १ टीबी मुलीने टॉर्क्सच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडली. आतले दोन लोहचुंबक फ्रिजवर लाइट बिल धरून बसलेत. काढताना नखं तुटतात.