नवा चेनसॉ फळ्या पाडण्यासाठी कसा रुळवावा?

धागाकर्ता (संगमेश्वर तालुका):

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात आमच्या परड्यातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. फणस १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत येत असल्यामुळे वनखात्याकडची कागदपत्रे आधी पूर्ण करून घेतली आहेत. बुंधा नऊ फूट लांब असून मध्यावर सुमारे सव्वादोन फूट जाड आहे. गिरणीपर्यंत ओंडका नेण्याजोगी वाट नसल्याने जागेवरच फळ्या पाडायचे ठरवले आणि त्यासाठी ९० सीसीच्या गटातला नवा चेनसॉ, ३६ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) आणि बारला आवळून बसवायची अलास्कन मिलची चौकट घेतली. आजोबांच्या वेळच्या माडीच्या फळ्या बदलायच्या असल्यामुळे हे लाकूड वाया जाऊ द्यायचे नाही, आणि मशीनही नाही.

विक्रेता म्हणतो की पेट्रोलच्या पहिल्या काही टाक्या संपेपर्यंत मशीन नुसते मंद चालवावे. शेजारचे काका म्हणतात की पहिल्या दिवसापासून पूर्ण रेस द्यावी, नाहीतर मशीन कायमचे मंद राहते. यांपैकी कोणाचे ऐकावे? तेल किती घालावे आणि मिलची चौकट नेमकी कधी चढवावी, याबद्दलही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (सावंतवाडी):

दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण फळ्या पाडण्याचे काम वेगळे असल्यामुळे दोन्ही सल्ले तुम्हाला अपुरे पडतील. फांदी किंवा बुंधा आडवा कापताना मशीन अर्धा-एक मिनिट जोर लावते आणि मग श्वास घेते. फळी पाडताना मात्र तेच मशीन पूर्ण रेसवर, पूर्ण भाराखाली, कित्येक मिनिटे सलग चालते. नव्या पिस्टनची रिंग सिलिंडरच्या भिंतीशी अजून जुळलेली नसताना एवढी उष्णता सोसण्याची वेळ तिच्यावर आणू नये. दुसरीकडे, नुसते मंद चालवल्याने रिंगवर पुरेसा दाब येत नाही, म्हणजे ती बसतही नाही. नव्या मशीनला भार हवा, पण तो थोड्या वेळाचा आणि बदलता हवा.

स्टील (Stihl) या चेनसॉ कंपनीच्या पुस्तिकांत पहिल्या तीन टाक्या भाराविना पूर्ण रेस देऊ नये असे म्हटले आहे आणि मशीनची पूर्ण ताकद साधारण ५ ते १५ टाक्यांनंतर येते असेही नमूद आहे. तुमच्याकडे फणसाच्या फांद्या आणि शेंडा असणारच. पहिल्या चार-पाच टाक्या त्यांच्यावरच घालवा. लाकडात साखळी टेकली की रेस पूर्ण द्या, काप संपला की सोडा, आणि मध्ये मशीन थोडे मंद चालू द्या. त्यानंतर मिल चढवा, पण पहिल्याच दिवशी पूर्ण रुंदीचा काप घेऊ नका. वरची साल-पाट निघते तो काप अरुंद असतो, सुरुवात त्याने करावी. नऊ फुटांच्या कापात दोन-तीन ठिकाणी थांबून अर्धा मिनिट मंद चालवावे. मोठ्या भारानंतर मशीन एकदम बंद केले तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझे पहिले मशीन तिसऱ्याच फळीला जाम झाले. साखळी बोथट झाली होती, ती मी जोराने रेटत होतो आणि टाकी तळाला गेली होती. टाकी संपत येते तेव्हा पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, फेऱ्या आपोआप वाढतात आणि मशीन जणू छान चालले आहे असा आवाज येतो. मी त्या आवाजावर खूश होतो. सायलेन्सर उघडून आत पाहिले तेव्हा धूर बाहेर पडतो त्या बाजूला पिस्टनवर उभ्या चरांची रांग दिसली, नखाला लागतील एवढ्या खोल. म्हणून सांगतो, प्रत्येक फळीच्या आधी टाकी भरा आणि कापाच्या मधोमध ती संपू देऊ नका.

प्रतिसाद २ (कोल्हापूर, टू-स्ट्रोक दुरुस्ती):

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. इंधनाबद्दल थोडे लिहितो, कारण माझ्याकडे येणारी बहुतेक जळालेली मशीन तिथेच बिघडलेली असतात.

चांगले टू-स्ट्रोक तेल आणि ५०:१ हे प्रमाण पुस्तिकेत असेल तर ते पाळा, म्हणजे एका लिटरला २० मिली. फळ्यांसाठी काहीजण ४०:१, म्हणजे २५ मिली घेतात. त्याला माझा विरोध नाही. पण तेल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल घटते आणि कार्ब्युरेटर तसाच ठेवला तर मशीन किंचित लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नुसते तेल वाढवून मशीन वाचत नाही. कार्ब्युरेटरवरचा 'एच' स्क्रू (पूर्ण रेसचे मिश्रण ठरवणारा) थोडा उलटा फिरवून मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, करावे लागते, म्हणजे भाराविना कमाल फेऱ्या कंपनीच्या आकड्यापेक्षा काही शे कमी राहतील. रिच मशीन रिकाम्या रेसला किंचित फडफडते आणि लाकडात टेकताच आवाज स्वच्छ होतो. लाकडातून बाहेर काढताना फडफड परत आली पाहिजे. ती आली नाही तर थांबा. तुमच्या मशीनवर स्क्रूच नसून आपोआप जुळणारा कार्ब्युरेटर असेल तर त्याला हात लावू नका. स्क्रू कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फिरवायचा प्रश्न आला तरी वॉरंटीचा विचार करून सेवा केंद्रातच करून घ्यावे.

पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमुळेही मिश्रण लीन होते. कोकणातल्या दमट हवेत ते पाणीही ओढून घेते. त्यामुळे मिश्रण त्या आठवड्यापुरतेच करा, कॅन घट्ट बंद ठेवा आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत मंद चालवा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. बारसोबत आलेली साखळी चालेल का? शिवाय फणसाचा चीक साखळीला धरेल, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १:

सोबत आलेली साखळी आडव्या कापाची असते आणि तिच्या दातांचा कोन साधारण ३० अंशांचा असतो. फळ्यांसाठी १० अंशांच्या आसपास कोन असलेली रिपिंग साखळी घ्यावी. कापाचा पृष्ठभाग बराच नितळ येतो आणि पुढे रंधा कमी मारावा लागतो. नवी साखळी पहिल्या काही मिनिटांत सैल पडते, म्हणून ती दोन-तीन मिनिटे हलक्या कामावर चालवून, गार झाल्यावर पुन्हा ताणून घ्या. काम संपले की ती सैल करून ठेवा, कारण गार होताना ती आखडते. बारच्या तेलाच्या बाबतीत काटकसर करू नका, ३६ इंचांच्या टोकापर्यंत तेल पोहोचायला वेळ लागतो. गाडीतले काढलेले जुने तेल तर अजिबात वापरू नका.

चीक वाळण्याआधी त्याच संध्याकाळी रॉकेल लावलेल्या फडक्याने बार आणि साखळी पुसून घ्यावी. या कामात भुसा पिठासारखा बारीक येतो, फणसाचा तर पिवळाधमक, आणि तो एअर फिल्टर भराभर बुजवतो. दर टाकीला फिल्टर झटकावा. दर दोन फळ्यांनंतर, किंवा रेटावेसे वाटू लागताच, साखळीवर कानस फिरवावी. धारदार साखळीने मशीनवरचा भार जेवढा उतरतो तेवढा दुसऱ्या कशाने उतरत नाही.

धागाकर्ता:

पाच टाक्या फांद्यांवर पूर्ण झाल्या. काल पहिली पाट काढली. ओंडक्याखाली दगड देऊन तो किंचित उतरता ठेवला होता, त्यामुळे मशीन स्वतःच्या वजनाने पुढे सरकत होते. स्पार्क प्लगचा रंग विटकरी-तपकिरी आहे, म्हणजे मिश्रण ठीक दिसते, आणि बाहेर काढताना फडफड नेमकी सांगितल्याप्रमाणे ऐकू येते. कापाच्या मागे लाकडी पाचरी ठोकत गेल्यामुळे पाट बारवर बसली नाही. आतला गाभा हळदीसारखा पिवळा आणि निरोगी निघाला आहे. शनिवारी पूर्ण रुंदीची पहिली फळी काढणार आहे.