अनुभव धागा: गावात नवं हायस्कूल किती मोठं, किती पैशात?

आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावात येत्या मतदानात नव्या पब्लिक हायस्कूलचा प्रश्न आहे. सध्याच्या इमारतीत मुलं मावत नाहीत, लेकीचा गणिताचा वर्ग पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या मॉड्युलर खोलीत भरतो. शाळा हवी हे सगळ्यांनाच पटलंय, भांडण आहे ते आकारावर आणि खर्चावर. इथे १९८० पासून प्रपोझिशन टू अँड अ हाफ नावाचा कायदा आहे, म्हणजे नवीन बांधकामं सोडली तर गावाचा एकूण प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २.५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे एवढ्या मोठ्या कर्जासाठी लोकांचं मत घेऊन 'डेट एक्सक्लूजन', म्हणजे कर्जाचे हप्ते या मर्यादेबाहेर ठेवायची परवानगी, मंजूर करावं लागतं. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, बाजू कुठलीही असो.

घाटमाथा: आमच्याकडच्या बिल्डिंग कमिटीच्या मीटिंगांना मी जात होतो. आकार खरा ठरतो तो विद्यार्थीसंख्येच्या अंदाजावर, आणि तो आकडा स्टेटच्या स्कूल बिल्डिंग अथॉरिटीबरोबर नकाशे काढायच्या आधीच ठरलेला असतो. लोक जागे होतात चकचकीत चित्रं बघून, तोवर उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे स्टेट इतके टक्के देणार असं सांगतात ना, तेव्हा कशाचे टक्के ते विचारा. सुरुवात ३१ टक्क्यांपासून होते, वर आणखी पॉइंट मिळतात, पण फक्त पात्र खर्चावर. स्विमिंग पूल, स्केटिंग रिंक, फील्ड हाउस यांना छदामही मिळत नाही आणि चौरस फुटामागे पण मर्यादा असते, म्हणून प्रत्यक्ष वाटा बराच खाली येतो.

जुनी वही: मी पेन्शनवर आहे, मुलं कधीच शिकून बाहेर पडली. आमच्या गावच्या मतदानात मी विरोधात मत दिलं आणि आजही तसंच देईन. शाळेला माझा विरोध नव्हताच हो. आहे ती इमारत दुरुस्त करून वाढवली तर किती लागतील हे सुरुवातीपासून विचारत होतो, त्याचं धड उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. माझ्यासारख्यांसाठी एक उपयोगाचं सांगतो, ६५ च्या वरच्यांना उत्पन्नाच्या अटीत बसलं तर टॅक्स पुढे ढकलता येतो, घर विकताना व्याजासकट फेडायचा. गावच्या असेसरकडे, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या ऑफिसात, चौकशी करा.

कोरडवाहू: टेक्सासात वेगळीच तऱ्हा. आमच्या सबर्बमध्ये वाद होता एक अवाढव्य शाळा की दोन मध्यम. एकच ठेवली की फुटबॉल टीमही तगडी होते म्हणून बऱ्याच लोकांना एकच हवी. शेजारच्या ॲलनमध्ये तर २०१२ साली ६ कोटी डॉलरचं, १८ हजार सीटचं स्टेडियम झालं आणि २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलं. माझं मत दोन शाळांना होतं, कारण हजारो पोरांत बँडमध्ये, नाटकात, टीममध्ये जागा तेवढ्याच, माझा मुलगा दोन वर्षं ट्रम्पेट घेऊन वेटिंगवर राहिला.

फळा आणि खडू: मी बॉस्टनजवळ केमिस्ट्री शिकवते. न्यूटन नॉर्थ हायस्कूल २०१० मध्ये उघडलं, १९.७५ कोटी डॉलर, तेव्हा राज्यातलं सगळ्यात महाग. त्यावरून एवढा गदारोळ झाला की तयार नकाशे पुन्हा वापरायची मॉडेल स्कूल योजना स्टेटने जोरात पुढे आणली. आणि २०२४ मध्ये उघडलेल्या वॉल्थमच्या हायस्कूलला ३७.४ कोटी! तरीही मी नव्या शाळेच्या बाजूने. माझ्या जुन्या लॅबमध्ये चारपैकी एकच सिंक चालू होतं, प्रयोग झाला की पोरं काचसामान धुवायला रांग लावायची आणि घंटा होईपर्यंत निम्मी तशीच उभी असायची. पण घाटमाथा, तुमच्या यादीत एक राहिलं. डेट एक्सक्लूजन फक्त कर्जापुरतं असतं. मोठ्या इमारतीचं हीटिंग, सफाई, देखभाल हे सगळं दरवर्षीच्या बजेटमधून, म्हणजे त्याच २.५ टक्क्यांच्या आत. आमच्याकडे नवीन इमारतीत गेल्यावर दुसऱ्याच वर्षी लॅटिनची शिक्षिका कमी केली. धागाकर्तीने चालवायच्या खर्चाचा आकडा मतदानाआधी लेखी मागून घ्यावा.