घरातल्या माणसाची अर्धशिशी: कुठलं औषध लागू पडलं? तुमचे अनुभव लिहा

माझ्या वहिनीला बरीच वर्षं अर्धशिशी आहे. आधी महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी डोकं उठायचं, आता महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस दुखतं. ती साताऱ्यात शाळेत शिकवते. एमआरआय झाला, चष्म्याचा नंबर बदलून झाला, सायनसची औषधं झाली. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले सगळे 'सुटलो' म्हणतात आणि हिचं तोंड उतरतं, कारण दुखायचं ते दुखतंच.

आता न्यूरोलॉजिस्टने क्रॉनिक मायग्रेन असं निदान केलंय. म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यात 15 किंवा अधिक दिवस डोकेदुखी आणि त्यातले निदान 8 दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे. रोज घ्यायची गोळी सुरू करायची आहे आणि वहिनीचा धीर होत नाहीये. ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी लिहा. कुठलं औषध दिलं, किती दिवसांनी फरक पडला, काय त्रास झाला. डोस लिहू नका, उगाच कोणीतरी स्वतःवर प्रयोग करायचं. आणि 'पाणी जास्त प्या' हे सगळ्यांनी सांगून झालेलं आहे.

*

आईबद्दल, नाशिकहून

आमच्याकडे या दुखण्याचं नाव वर्षानुवर्षं 'पित्त' होतं. उलटी झाली की डोकं उतरायचं, मग पित्तच की! कोकम सरबत, मोरावळा, रात्री अँटासिड आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. ही पट्टी कोपऱ्यावरचा मेडिकलवाला काही न विचारता द्यायचा. एर्गोटामिन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल अशी मिश्र गोळी होती ती.

न्यूरोलॉजिस्टने डोकं किती दिवस दुखतं हे नंतर विचारलं. आधी विचारलं, गोळी महिन्यातून किती दिवस घेता? आई म्हणाली, "दुखलं की घेते." त्यांनी औषध न देता कालनिर्णयवर खुणा करायला लावल्या. दुखलं तर गोल, गोळी घेतली तर फुली. महिनाअखेर बघतो तर दुधाचा हिशेब लिहायला जागा नाही!

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मिश्र वेदनाशामक किंवा ट्रिप्टान गटातली (मायग्रेन उठल्यावर घ्यायची) गोळी महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, आणि साधं पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन 15 किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. त्यावर कितीही भारी रोजचं औषध दिलं तरी त्याचा जोर चालत नाही. आईला हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे मीच माझं डोकं दुखवून घेते का?" म्हणून दोन दिवस अबोला.

ती गोळी बंद केल्यावरचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले, हे आधीच सांगून ठेवतो. उलट्या, झोप नाही, खोलीत अंधार करून पडून राहायची. त्या काळापुरतं उलटीचं औषध आणि आधाराला दुसरी गोळी दिली होती. सोबत रात्रीची अमिट्रिप्टिलिन. इथे मावशीने मोबाइलवर नाव शोधलं आणि "ही तर डिप्रेशनची गोळी" म्हणून घरभर फोन केले. खरं आहे, त्यासाठीही देतात, पण मायग्रेनला डोस त्याच्या मानाने फारच कमी असतो. तोंडाला कोरड पडायची, सकाळी झापड असायची. डॉक्टरांना विचारून गोळी झोपताना घेण्याऐवजी जेवणानंतर लगेच घ्यायला लागली, तेव्हा सकाळ मोकळी झाली.

फरक दुसऱ्या महिन्यात जाणवला. डोकं अजूनही दुखतं, पण महिन्यात मोजके दिवस. गेल्या श्रावणात तिने देवघरात उदबत्ती लावू दिली. वासाने डोकं उठतं म्हणून आमच्या घरात ती बंदच होती.

*

भावाबद्दल, नागपूरहून

आमच्याकडे काकूने पहाटे, सूर्य उगवायच्या आत गरम दूध-जिलेबी खाऊ घातली. चांगली दोन-तीन महिने. डोकं थांबलं नाही, पँट मात्र घट्ट झाली. भाऊ उपाशी राहिला की त्याचं डोकं हमखास उठतं, त्यामुळे सकाळी वेळेवर पोटात काही जायचं तेवढाच काय तो गुण.

*

बायकोबद्दल, डोंबिवलीहून

नाशिकच्या दादांनी लिहिलंय त्यात भर घालतो. औषध मायग्रेनवर चालतं का, हा अर्धाच प्रश्न. त्या माणसाला बाकी काय आहे ते आधी बघावं लागतं.

बायकोला लहानपणापासून दमा. एका डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. मायग्रेनला हे जुनं आणि चांगलं औषध आहे, पण दमेकऱ्याला चालत नाही, श्वासनलिका आवळू शकतात. मेडिकलमधल्या मुलीने आमच्या जुन्या चिठ्ठीवर पंपाचं नाव पाहिलं आणि म्हणाली, "काका, डॉक्टरांना एकदा फोन करून विचारा." तिचे उपकार आहेत.

मग टोपिरामेट. डोकेदुखी खरंच कमी झाली. वजनही उतरलं, त्यामुळे सोसायटीतल्या बायका औषधाचं नाव विचारायला लागल्या. पण बोटांना मुंग्या यायच्या, सोडा मचूळ लागायचा आणि मुख्य म्हणजे शब्द सापडेनात. ती बँकेत काउंटरवर बसते. एकदा 'स्टेपलर' आठवेना, "ते हे… कागद टोचायचं द्या ना" म्हणाली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलो. पुढच्या आठवड्यात ग्राहकासमोर 'नॉमिनी' शब्द अडला, त्या दिवशी ती हसली नाही. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने डोस उतरवून बंद केलं.

आता कँडेसार्टन चालू आहे. मूळचं बीपीचं औषध, दम्याला आडवं येत नाही. सुरुवातीला झटकन उठली की चक्कर यायची, तेवढंच. मूल हवं असणाऱ्या मुलींच्या घरच्यांनी एक लक्षात घ्या: टोपिरामेट काय, कँडेसार्टन काय, गरोदरपणात चालत नाही, आणि व्हॅल्प्रोएट तर बाळाला फारच धोक्याचं. डॉक्टर विचारायला विसरले तर आपण सांगायचं.

*

आजीबद्दल, रत्नागिरीहून

थोडं विषय सोडून आहे, पण लिहिते. आजीला सत्तरीनंतर पहिल्यांदाच कानशिलात दुखायला लागलं. सगळे म्हणाले अर्धशिशी. तिचे केस विंचरताना फणी नुसती टेकली तरी ती कळवळायची आणि भाकरी चावताना मध्येच थांबायची, जबडा भरून यायचा. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एवढं ऐकल्यावर त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. ईएसआर, म्हणजे अंगात सूज असली की वाढतो तो रक्तातला आकडा, खूप वाढलेला. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज होती. तपासण्या पुऱ्या व्हायची वाट न बघता स्टिरॉइड सुरू केलं, कारण उशीर झाला तर नजर जाते. पन्नाशीनंतर असं नव्याने डोकं दुखायला लागलं तर घरगुती औषधं करत बसू नका.

*

नवऱ्याबद्दल, लेस्टरहून

इकडे ब्रिटनमध्ये नवीन इंजेक्शनं सरकारी सेवेतून मिळतात, पण पायऱ्या चढून. महिन्यात निदान 4 दिवस मायग्रेन आणि निदान 3 प्रतिबंधक औषधं वापरून झालेली हवीत. आमची ती तीन औषधं संपेपर्यंत खूप काळ गेला, कारण प्रत्येक औषध हळूहळू चढवायचं आणि चढवल्यावर दोन-तीन महिने बघायचं. नवरा दर वेळी तिसऱ्या आठवड्यात म्हणायचा, "सोडून देऊ का? काही उपयोग नाही."

शेवटी एरेनुमॅब मिळालं. हे 2018 मध्ये आलेलं औषध. मायग्रेनमध्ये सीजीआरपी नावाचं एक द्रव्य मज्जातंतूंमधून सुटतं, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागाच हे अडवून धरतं. बाकीची रोजची औषधं बीपी, फिट किंवा डिप्रेशनसाठी निघाली आणि मायग्रेनला उपयोगी पडली, हे मात्र मायग्रेनसाठीच बनवलेलं. महिन्यातून एकदा मांडीत टोचायचं. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, नाहीतर फार झोंबतं. बद्धकोष्ठ होतं, म्हणून फ्रिजवर इसबगोलाचा डबा कायमचा वस्तीला आलाय. बीपीवरही लक्ष ठेवायला सांगितलंय.

12 आठवड्यांनी हिशेब द्यावा लागतो. क्रॉनिक मायग्रेनमध्ये दिवस निदान 30 टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर औषध बंद. आमचे दिवस निम्म्याच्याही खाली आले. न्यू जर्सीच्या नणंदेची कथा उलटी. तिथल्या हेडेक सोसायटीने 2024 मध्येच सांगितलं की ही औषधं पहिल्या पायरीवरही देता येतील, पण तिची विमा कंपनी अजून "आधी जुनी वापरा" म्हणते.

*

लेकीबद्दल, मडगावहून

आमची कॉलेजात आहे. तिला रोजचं प्रोप्रॅनोलॉल चाललं, दमा नाही. खरा फरक पडला तो दुखल्यावर घ्यायच्या गोळीची वेळ बदलल्याने. ती आधी "बघूया, राहील" म्हणून तासभर थांबायची. तोवर उलट्या सुरू, आणि एकदा मायग्रेन भरात आलं की पोटाचं काम मंदावतं, गोळी अंगी लागत नाही. आता दुखणं हलकं असतानाच जिभेवर विरघळणारी रिझाट्रिप्टान घेते, पाण्याची बाटली शोधायला नको.

दोन गोष्टी विचारून घ्या. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रक्तातलं रिझाट्रिप्टान वाढतं, म्हणून तिला कमी ताकदीची गोळी दिलीय. आणि नाशिकच्या दादांच्या आईसारखी एर्गोटामिनवाली गोळी घेतली असेल तर पुढचे 24 तास ट्रिप्टान घ्यायचं नाही. हृदयविकार असलेल्यांना तर ट्रिप्टान देतच नाहीत.

हरितालिकेचा उपवास बंद केला. माझ्या सासूबाईंनीच बंद करायला लावला.

*

मोठ्या भावाबद्दल, पुण्याहून

सगळ्यांचं चांगलं वाचून बरं वाटलं, पण आमचं अर्धवटच आहे. वर आलेली बरीचशी औषधं झाली. मग बोटॉक्स. दर 12 आठवड्यांनी कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून 31 ठिकाणी बारीक सुया. वहिनी म्हणाली, "आमचे हे हिरो होणार!" दिवस थोडे कमी झाले, दुखायची तीव्रता बरीच कमी झाली, पण अकराव्या आठवड्यापासून पुन्हा जोर धरतं. ॲडमिट व्हावं लागत नाही म्हणून विमा कंपनीने पैसे नाकारले. तरी तो सोडायला तयार नाही. पूर्वी सुट्टी टाकून पडायचा, आता त्याच दिवशी लॅपटॉप घेऊन बसू शकतो.

*

सासऱ्यांबद्दल, बेळगावहून

सासऱ्यांना फ्लुनारिझिन दिलं होतं आणि ते छान लागू पडलं. पण ते बदलायचं किंवा थांबवायचं कोणी बघितलंच नाही, चिठ्ठी दाखवायची आणि पट्टी आणायची. काही वर्षांनी बशीत कप खडखडायला लागला, अक्षर बारीक झालं, चाल मंदावली. पार्किन्सनच्या धसक्याने नेलं, तर डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून मागवल्या. उतारवयात या औषधाने अशी लक्षणं येऊ शकतात. गोळी बंद केल्यावर थरथर जायला काही महिने लागले. डोकेदुखी परत येईल म्हणून आम्ही धास्तावलो होतो, पण आली नाही. वयाबरोबर मायग्रेन पुष्कळांचं उतरतं, त्यांचं बहुतेक केव्हाच उतरलं होतं.