मदत हवी आहे: यीस्टमधलं फो५ काढलं तरी फॉस्फेटेज दिसतंच आहे!

अडलेला_पतंग
जाणकारांनो, सोमवारी गाईडना आकडे दाखवायचे आहेत आणि डोकं चालेनासं झालंय. यीस्टमधलं फो५ जीन काढून टाकलं. जिथे बघावं तिथे लिहिलंय की आम्ल फॉस्फेटेज (आम्लात काम करणारं, फॉस्फेट तोडणारं एन्झाइम) हे याच जीनचं काम. मग जीन गेल्यावर पीएनपीपीचा (फॉस्फेटेजने तोडलं की रंग देणारं रसायन) पिवळा रंग यायला नको ना? येतोय! मूळ स्ट्रेन आणि डिलीशन, दोघांचे आकडे जवळपास सारखे. मग हे जीन नक्की करतं तरी काय? 'आधी पुस्तक वाचा' एवढं कृपया सांगू नका.

जुना_गडी
माध्यम कोणतं? पेशी अख्ख्या घेतल्या की फोडल्या? बफरचा पीएच किती?

अडलेला_पतंग
माध्यम नेहमीचंच. बाकी प्रोटोकॉलप्रमाणे.

जुना_गडी
नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं?

लॅबवाली_ताई
मी म्हणते, पीएनपीपी सोडाच. वसाहतींवर अल्फा नॅफ्थिल फॉस्फेट आणि फास्ट ब्लू बी मिसळलेलं पातळ अगार ओता. एन्झाइम असेल त्या वसाहती लालभडक होतात, नसेल त्या पांढऱ्या राहतात. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चालतं, यंत्राला हातही लावावा लागत नाही.

विकरराव
फॉस्फेटेजचा ताप आम्हीही भोगलाय. वासराच्या आतड्यातलं वापरू नका, ते नीट मरत नाही आणि मग लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं) बोंबलतं. कोळंबीचं घ्या, ६५ अंशांवर गप्प होतं.

अडलेला_पतंग
विकरराव, मी क्लोनिंगचं विचारलेलंच नाही.
जुना_गडी: वायपीडी (यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, पेप्टोन, ग्लुकोज). रात्रभर वाढवून सकाळी पेशी काचेच्या मण्यांनी फोडल्या. बफर किटबरोबर आलेला, पीएच ८.८. आता सांगा.

जुना_गडी
अहो, हे आधी सांगायचं ना! वायपीडीत फॉस्फेट भरपूर. फॉस्फेट मुबलक असताना फो८०-फो८५ ही किनेजची जोडी फो४ या जीन चालू करणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवते, फो४ केंद्रकाबाहेर काढला जातो आणि फो५ बंद राहतं. उपासमार झाली की फो८१ त्या किनेजला अडवतो, फो४ केंद्रकात टिकतो आणि फो२ च्या जोडीने फो५ चालू करतो. म्हणजे तुमच्या मूळ स्ट्रेनमध्येही जीन झोपलेलंच होतं. फरक दिसणार कुठून?

वर पीएच ८.८. तिथे आम्ल फॉस्फेटेज काम करत नाही. पेशी फोडल्यामुळे रिक्तिकेतलं फो८ हे अल्कलीत चालणारं फॉस्फेटेज बाहेर आलं, शिवाय तसंच फो१३ आहे, त्याला तर पीएनपीपी फारच आवडतं. तुम्ही मोजलंत ते या दोघांना.

फो५ चं प्रोटीन पेशीपटल आणि भित्तिका यांच्यामधल्या जागेत असतं. बाहेरच्या सेंद्रिय फॉस्फेटमधून फॉस्फेट तोडायचं हे त्याचं काम. ते आत आणतो फो८४. म्हणून अख्ख्या पेशी घ्या, फोडू नका. ॲसिटेट बफर, पीएच ४.

शंकासुर
सगळं खरं, पण डिलीशन झालंय हे कुणी तपासलं? शेजारीच फो३ हे आम्ल फॉस्फेटेजचं दुसरं जीन आहे, क्रम इतका सारखा की जीनच्या आतला प्रायमर (पीसीआरसाठीचा डीएनएचा छोटा तुकडा) दोन्हीकडे बसू शकतो. एक प्रायमर फो५ च्या बाहेरचा हवाच. माझं मत, आधी पीसीआर, मग बाकी सगळं.

जुना_गडी
पीसीआर कराच, पण या आकड्यांचं कारण ते नाही. डिलीशन अगदी चोख असतं तरी हेच आकडे आले असते.

शंकासुर
आणि डिलीशन फसलेलं असतं तरी हेच आले असते. म्हणूनच म्हणतोय.

न्यूक्लिओसोम_नाना
फो५ ची खरी मजा प्रोमोटरमध्ये (जीन चालू-बंद करणारा भाग) आहे! बंद असताना त्यावर चार न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेले प्रथिनांचे गोळे) ठरलेल्या जागी बसलेले असतात, उपासमारीत ते हटतात. १९८० च्या दशकात यावर जे काम झालं त्याने क्रोमॅटिनकडे बघायची दृष्टीच बदलली. एन्झाइम काय, कुणीही मोजतं.

लॅबवाली_ताई
नाना, मुलाला सोमवारी आकडे द्यायचेत.

अडलेला_पतंग
फॉस्फेट नसलेलं वायएनबी (ठरावीक घटकांचं यीस्टचं माध्यम) आत्ता हाताशी नाही. वायपीडीतूनच फॉस्फेट काढता येतं का?

जुना_गडी
येतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट-पेप्टोनमध्ये १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट आणि अमोनिया घाला. पांढरा साका बसतो, गाळून टाका, पीएच खाली आणा, ऑटोक्लेव्ह करा, ग्लुकोज नंतर.

लॅबवाली_ताई
पण दर खेपेला थोडंफार फॉस्फेट मागे राहतंच, दोन बॅच सारख्या निघत नाहीत. वायएनबी कुणाकडून तरी उसनं आणा. पोटॅशियम फॉस्फेट गेलं की पोटॅशियम क्लोराइड घालायला विसरू नका. पेशी धुऊन टाका आणि काही तास द्या. रिक्तिकेत पॉलिफॉस्फेटचा साठा असतो, तो संपेपर्यंत त्यांना उपासमार कळत नाही.

शंकासुर
थायमिनही बघा. ते नसेल तर फो३ जोरात चालतं आणि डिलीशनमध्येही आम्ल फॉस्फेटेज दिसतं.

अडलेला_पतंग
उसनं मिळालं. अख्ख्या पेशी, पीएच ४. आता तर मूळ स्ट्रेनमध्येही रंग नाही! पाण्यासारखं स्वच्छ.

जुना_गडी
शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घातलंत का? पीएनपीपीतून सुटणारं नायट्रोफेनॉल आम्लात बिनरंगी राहतं. अल्कली घाला, पेशी खाली बसवा आणि वरचं पाणी ४०५ नॅनोमीटरला वाचा.

अडलेला_पतंग
घातलं. मूळ स्ट्रेन एकदम पिवळाजर्द, डिलीशन अगदी फिक्कट. पीसीआरचे प्रायमर मागवलेत.

विकरराव
कोळंबीचंच घ्या हो.