वूफर म्हणजे भुंकणारा, मग मराठीत काय म्हणायचं?

खोकेबहाद्दर: आम्ही काही जण घरीच स्पीकर बनवतो. शाळकरी मुलांसाठी रविवारी छोटं प्रदर्शन आहे, त्यासाठी मी एक चित्र काढलंय. लाकडी खोका, खालच्या मोठ्या भोकातून डोकं काढून कुत्रा भुंकतोय, वरच्या लहान भोकात चिमणी. इंग्रजीत वूफर (खालचे, जाड आवाज देणारा मोठा स्पीकर) हा शब्द कुत्र्याच्या 'वूफ'वरून आणि ट्वीटर (उंच, बारीक आवाज देणारा लहान स्पीकर) पाखराच्या 'ट्वीट'वरून आला, ही त्यातली गंमत. शेजारच्या सातवीतल्या मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "काका, कुत्रा स्पीकरमध्ये का शिरलाय?" बरोबरच आहे, आपला कुत्रा 'भो भो' करतो. दोन दिवस रंगवलेलं चित्र फुकट जाऊ नये असं मनापासून वाटतं. कुत्रा आणि चिमणी दोघांनाही जागेवर ठेवतील असे शब्द सुचवा.

सुईवाला: भुंक्या आणि चिवचिव्या. मुलं लगेच उचलतील.

मंद्रसप्तक: भुंक्या? परिभाषा अशी करायची नसते. आपल्याकडे मंद्र, मध्य, तार हे शब्द शेकडो वर्षं तयार आहेत. थ्री-वे स्पीकरमध्येही तीनच भाग असतात. मंद्र ध्वनिक्षेपक, मध्य ध्वनिक्षेपक, तार ध्वनिक्षेपक. यापेक्षा चपखल काय हवं?

सुईवाला: 'तार ध्वनिक्षेपक' वाचून मुलं मागची वायर शोधतील हो.

डग्गेवाला: एवढं लांब कशाला? तबल्याची जोडी डोळ्यांसमोर आणा. मोठ्या तोंडाचा डग्गा, लहान तोंडाचा तबला. खर्ज मोठ्या पडद्याचा, टीप लहान पडद्याची, स्पीकरमध्येही तेच. मी माझ्या वूफरला गेली दहा वर्षं डग्गाच म्हणतो. "डग्गा फाटलाय" म्हटलं की आमच्या दुरुस्तीवाल्याला बरोबर कळतं.

खोकेबहाद्दर: शब्द झकास आहे, पण माझा कुत्रा?

पारवा: मूळ चित्रातच गडबड आहे. कुत्र्याच्या भुंकण्याचा बराचसा जोर मधल्या पट्टीत असतो, त्यासाठी वूफर लागतोच असं नाही. खालून येणारा आवाज म्हणजे पारव्याचा. पारवा भुंकत नाही, गात नाही, *घुमतो*. चांगल्या वूफरबद्दल आपण काय म्हणतो? "खोली घुमली." म्हणून वूफर म्हणजे घुम्या! खालच्या भोकात पारवा बसवा.

मंद्रसप्तक: घुम्या म्हणजे तोंडातून शब्द न काढणारा माणूस. न बोलणारा स्पीकर दाखवायचाय का मुलांना?

मांडवीकाठ: घुमण्यावरून आमचं गोव्याचं घुमट आठवलं. मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. घोरपड संरक्षित असल्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. जुने वाजवणारे अजून म्हणतात की तो नाद येत नाही. मला मात्र बकऱ्याच्या कातड्याचं घुमट आवडतं, आणि घोरपड जिवंत असलेली जास्त आवडते. तुमच्या चित्रात तिलाही जागा करा.

गिरणगाव: मंडळी, 'भोंगा' कसा सुटला? कुत्रा 'भो भो' करतो, भोंगा 'भों' करतो. गिरणीचा भोंगा ऐकत मी मोठा झालोय. खालच्या भोकाखाली 'भोंगा' लिहा, कुत्रा जागेवर राहील.

मंद्रसप्तक: भोंगा म्हणजे कर्णा. तो वूफर नव्हे. आणि 'कर्णा' तर थेट 'कर्ण', म्हणजे कानावरून.

सुईवाला: कर्ण्याचं मूळ फारसीत. 'करना' म्हणजे लांब तुतारी. ती तोंडाला लावतात, कानाला नाही!

मंद्रसप्तक: ऐकू येण्यासाठीच ना ती? मला पटत नाही.

थाळीप्रेमी: कुत्रा आणि कर्णा म्हटल्यावर निपरची, 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या लेबलवरच्या कुत्र्याची, आठवण कुणालाच कशी नाही? आमच्या घरी 'कुत्रा छाप' थाळ्या, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या, होत्या. मिनिटाला 78 फेऱ्या. आम्ही भावंडं लेबलवरच्या कुत्र्याकडे टक लावून बघायचो, ज्याला आधी गरगरेल तो हरला. दर बाजूला नवी पिन लागायची. त्या पिनांच्या पत्र्याच्या डबीवरही तोच कुत्रा, एक कान कर्ण्याकडे लावलेला. आजी रिकाम्या डबीत हुक आणि बटणं ठेवायची. झाकण उघडताना होणारा 'टक्' आवाज अजून कानात आहे.

निपर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. चित्रकार फ्रान्सिस बरॉड यांनी मूळ चित्रात एडिसन पद्धतीचा, नळकांड्याचा फोनोग्राफ काढला होता. 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घेतलं, पण अट घातली की यंत्र आमचं हवं. बरॉडनी त्यावरच तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. चित्राचे 50 पौंड, हक्कांचे 50. निपर मात्र 1895 सालीच गेला होता. सांगायचा मुद्दा, जगातला सगळ्यात प्रसिद्ध ऑडिओ-कुत्रा भुंकत नाही, तो *ऐकतोय*.

डग्गेवाला: वा! शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. पण 'कुत्रा छाप' की 'कुत्रा मार्का'? आमच्याकडे मार्का म्हणायचे.

थाळीप्रेमी: छापच. मार्का आगपेटीचा.

पारवा: शूटिंगवर माइकला वारा लागू नये म्हणून घालतात त्या केसाळ टोपड्याला 'डेड कॅट' म्हणतात. आमचा नवा पोरगा पहिल्या दिवशी "मेलेलं मांजर आण" ऐकून हादरलाच होता. मी तेव्हापासून 'बोका' म्हणतो. जिवंत वाटतो, आणि हाक मारायलाही बरा.

खोकेबहाद्दर: बोका घेतला! चित्रात माइकही काढतो. आणि कुत्रा आता भुंकणार नाही, खोक्यासमोर बसून ऐकेल. खाली 'हिज मास्टर्स व्हॉइस'चं मराठी लिहावं म्हणतो. 'मालकाचा आवाज'?

सुईवाला: कुत्र्याचा 'धनी' असतो. 'धन्याचा आवाज' लिहा.

थाळीप्रेमी: आजी आजोबांना धनी म्हणायची.

गिरणगाव: आमची आई वडलांना मालक म्हणायची. आता?