शेजारच्या आजींचा योम किपूरचा उपास, डबा नेला तर चालेल का?

ठाणेकरीण: आमच्या मजल्यावर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी-आजोबा राहतात, घरात मराठीच बोलतात. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, आजींनी नारळाच्या दुधातला हलवा दिला आणि म्हणाल्या आता दहाव्या दिवशी योम किपूर, प्रायश्चित्ताचा मोठा उपास. तो सोडायला मी काही करून नेऊ का? आणि हॅपी वगैरे म्हणायचं का त्या दिवशी?

अश्दोदची सून: हॅपी नको ग, उपास नीट पार पडो एवढं म्हण. शिजवलेलं नेऊ नकोस, कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम, पाळत असतील तर खाता येणार नाही आणि तुला नाही म्हणताना त्यांनाच वाईट वाटेल, फळं ने. आपल्या साबुदाण्याच्या उपासासारखं नसतं हे, पाण्याचा थेंबही नाही, आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आधीपासून दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, जवळजवळ 25 तास. आंघोळ नाही, चामड्याची चप्पल नाही. इथे इस्रायलमध्ये तर विमानतळसुद्धा बंद, पोरं हायवेवर सायकली चालवतात. शेवटची नईलाची प्रार्थना संपली की शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकतात, दिवसभराच्या उपासाने पाय लटपटत असतात तरी सगळे उभे असतात, मला दरवर्षी रडू येतं.

अलिबागवाला: माझं ऐकाल तर दुसऱ्या दिवशी जा. कोकणातले जुने लोक योम किपूरला दारफाळणीचा सण म्हणायचे, पांढरे कपडे घालून दारं लावून घरातच बसायचे, बाहेरच्या कोणाला शिवायचे पण नाहीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गरिबांना दान आणि ओळखीच्यांकडे जाणं-येणं. फळं घेऊन जायला तोच दिवस बरा.

अश्दोदची सून: हो, बरोबर. अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं. या दहा दिवसांत आम्ही माणसांची माफी मागतो, कारण देवाशी चुकलं ते देव माफ करेल, पण माणसाला दुखावलं असेल तर आधी त्याच्याकडेच जावं लागतं, नुसत्या उपासाने ते सुटत नाही. आजी तुला म्हणाल्या ना, काही चुकलं असेल तर माफ कर, तर आपल्या सवयीने "अहो काहीतरीच काय आजी" म्हणून उडवून लावू नकोस. त्या मनापासून विचारत असतात. सरळ "माफ केलं" म्हण, आणि तुझ्याकडून काही राहिलं असेल तर तूही माग.

ठाणेकरीण: हे कोणीच सांगितलं नसतं, थँक्यू. फळं दुसऱ्या दिवशी नेते, पण आजींना भेटायला आजच जाते.