देठ सांभाळा, फ्रिज टाळा

फ्रिजमध्ये ठेवले की छोटे भोपळे टिकतात, असा सल्ला एका ठिकाणी वाचला. नका ठेवू. साधारण 10 अंश सेल्सियसच्या खाली भोपळ्याला गारठा बाधतो; वरून ठणठणीत दिसतो, पण बाहेर काढला की आतून पाणी सुटायला लागतं. मिशिगनमधल्या पहिल्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवलेले माझे सहाही असेच गेले. फरशीवरचा डाग अजून आहे!

खरी मेख देठात. देठ मोडलेला 'जॅक बी लिटल' (मुठीएवढ्या भोपळ्याची एक जात) कितीही पुसा, तिथूनच बुरशी धरतो. त्यामुळे मी देठाला धरून उचलतच नाही. आता बेसमेंटच्या फळीवर कागद घालून सुटे सुटे मांडते, एकमेकांना टेकू देत नाही. कोकणात आई वाशाला टांगायची, तेही चहूबाजूंनी हवा लागावी म्हणूनच. गेल्या वर्षीचे दोन होळीपर्यंत राहिले, मग त्यांचं भरीत केलं.